बिघडलेल्या पाठांचे शनिवार

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, हे मला शेताआधी हजेरीपटावर दिसतं. सोमवारी एकोणीसच्या एकोणीस, मंगळवारी चौदा, बुधवारी नऊ. जी लेकरं येतात त्यांच्या केसांत पिवळट भुसा असतो, मनगटं खाजवून लाल झालेली असतात, आणि तिसऱ्या तासाला कोणीतरी बसल्याबसल्या डुलकी घेतं. मी उठवत नाही. सकाळपासून लहान भावाला कडेवर घेऊन, नाहीतर गंजीवर ताडपत्री ओढून आलेलं असतं ते. खिडकीतून थ्रेशरची घरघर येत राहते आणि कुटाराची, मळणीच्या भुशाची, धूळ फळ्यावर बसते. खडू लावायच्या आधीच फळा मळकट.

यंदाही तेच. शेलूबाजारवरून आमच्या शाळेकडे वळणाऱ्या रस्त्यावर लोकांनी अर्ध्या डांबरावर सोयाबीन वाळू घातलं आहे. मी स्कूटी कडेकडेनं काढते. दाणे चाकाखाली तडतडतात, कोणीतरी बाई ओरडते, "अवो मॅडम, जरा तिकून घ्या ना!" मी घेते तिकून. आणि तेवढ्यात ते शनिवार आठवतात. चार वर्षांपूर्वीचे. पोळ्यानंतर सुरू झाले आणि दिवाळीच्या आधी संपले. सगळे मिळून आठ-नऊ असतील. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीतून कोणी मला विचारलं की तू शिक्षिका कधी होतीस, तर मी तेवढेच शनिवार दाखवीन.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, मेथी, वांगी, टमाटे लावायचे आणि पहाटे बाजारात न्यायचे. बी.ए.ची गुणपत्रिका मी घरी आणली तेव्हा दादांनी हात धुतले, धोतराला पुसले, कागद उलटासुलटा पाहिला आणि बियाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर आड्याला टांगला. बियाणं तिथंच ठेवायचे ते, उंदरांपासून लांब. आल्यागेल्याला बोट वर करून दाखवायचे, "आमच्या पोरीचा कागद." मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. पण ज्या घराचं सगळं बियाणं एकाच पोरीवर पेरलेलं असतं, त्या पोरीला 'मला जमलं नाही' म्हणता येत नाही. मी कधी म्हटलं नाही. मास्तरांना नाही, सासरी नाही, शाळेत तर नाहीच.

नोकरीला अकरा वर्षं झाली होती तेव्हा. शिकवणं तोंडात बसलं होतं, जिवातून उतरलं होतं. सकाळी मोबाइलवर शाळेच्या माहितीची लिंक भरायची, दुपारी खिचडीचा फोटो पाठवायचा, मधल्या वेळात बेरीज-वजाबाकी. पोरं बरी होती, मीही बरी होते. कोणाचं कोणावाचून अडत नव्हतं. रविवारी संध्याकाळी पोटात एक दगड यायचा, तेवढाच काय तो त्रास.

महिन्यातून एकदा आमच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते. आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक एका शाळेत जमतात, कोणीतरी आदर्श पाठ घेतं, बाकीचे मागं बसून पाहतात. त्या महिन्यात माझी पाळी होती, माझ्याच शाळेत. पाठ छान झाला. पोरांनी पटापट हात वर केले, टाळ्या पडल्या. चहा सुरू असताना भगत सर जवळ आले. पलीकडच्या गावातल्या दोनशिक्षकी शाळेवरचे, निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेले, ओठ पूर्ण झाकणाऱ्या पांढऱ्या मिशांचे.

"मॅडम, पाठ झकास. पन तुमचे मागच्या रांगेतले लेकरं आज कुठी गेले?"

आदल्या दिवशीच मी पाच जणांना सांगितलं होतं, उद्या नाही आले तरी चालेल. आमच्याकडे हे सगळेच करतात. पाहुणे यायचे म्हणून अंगण झाडावं तसे आम्ही कच्चे विद्यार्थी झाडून बाजूला करतो. कोणी बोलून दाखवत नाही, एवढंच.

"तब्येत बरी नव्हती त्यांची," मी म्हटलं.

"पाचही जनाईची? साथ आली म्हना की." आणि हसले. मला इतका राग आला की चहा तसाच ठेवला. ते जाता जाता म्हणाले, "शनिवारी शाळा सुटल्यावर माह्या शाळेत या. राठोड येते, छाया मॅडम येते. डबा आना. अन् एक बिघडलेला पाठ आना."

"बिघडलेला कशाला?"

"गाडी बिघडली का मानूस गॅरेजले नेते. चालू गाडी घेऊन कोन जाते? चालू गाडी इथं दाखवाची, परिषदेत."

मी जायचं नाही असं ठरवलं होतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि स्कूटी आपोआप तिकडे वळली. रागानं वळली असेल.

त्यांच्या शाळेचा ओटा, त्यावर सतरंजी, मधे चार डबे. भाकर, ठेचा, आंबाडीची भाजी. राठोड सर तांड्यावरच्या शाळेतले, तिशीतले, कशाचीही थट्टा करणारे. छाया मॅडम माझ्याच वयाच्या, बोलायला फटकळ. नियम भगत सरांचे, आणि दोनच. ज्याची पाळी असेल त्यानं या आठवड्यात फसलेला एक पाठ जसाच्या तसा सांगायचा. बाकीच्यांनी उपाय सांगायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. आणि इथलं बोलणं इथंच राहील, हे नियमात नव्हतं. ते कोणाला सांगावं लागेल असं भगत सरांना वाटलं नसावं.

पहिल्या शनिवारी राठोड सरांनी सांगितलं की त्यांनी घड्याळ शिकवायला पुठ्ठ्याचं घड्याळ केलं, दोन दिवस राबले, आणि एका पोरानं विचारलं, हे किती वाजता बंद पडलं सर? आम्ही ठसका लागेपर्यंत हसलो. मग छाया मॅडमनं विचारलं, "त्या पोराच्या घरी घडी आहे काय पन?" राठोड सर हसायचे थांबले. "पाह्यलं नाही बा मी." तो 'पाह्यलं नाही' ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला. मोठ्या माणसानं असं सरळ, ठेच्याचं बोट चाटत म्हणावं!

दोन शनिवार मी 'या आठवड्यात सगळं ठीक होतं' म्हणून सुटले. छाया मॅडम म्हणाल्या, "हिचे पाठ बिघडतच नाहीत बाप्पा. हिले देव्हाऱ्यात ठेवा." तिसऱ्या शनिवारी मी नदी सांगितली.

झालं असं होतं. चौथीला मी निबंध सांगितला होता, 'माझे गाव'. सांगितला म्हणजे फळ्यावर लिहून दिला. वह्या तपासायला घेतल्या तर प्रत्येक वहीत तेच वाक्य, 'आमच्या गावाजवळून सुंदर नदी वाहते.' आमच्या गावाला नदी नाही. नाला आहे, तोही दिवाळीपर्यंत. एका पोरीनं लिहिता लिहिता विचारलंही होतं, "मॅडम, नदी कोन्ती?" आणि मी म्हटलं होतं, "निबंधात लिहायची असते."

ओट्यावर कोणी हसलं नाही. भगत सरांनी विचारलं, "मंग तिनं काय केलं?"

"लिहिली."

"तुमच्याकडं पाहून लिहिली का खाली पाहून?"

मला आठवेना. पोरीचं तोंड आठवेना. सबंध आठवडा ती माझ्यासमोर बसली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी चारचौघांत म्हटलं, "मला नाही जमलं." आणि काही झालं नाही. आभाळ पडलं नाही, आड्यावरचा कागदही पडला नाही. राठोड सरांनी भाकरीचा तुकडा पुढं केला, "घ्या मॅडम, नदीकाठची भाकर."

सोमवारी मी फळा कोरा ठेवला. म्हटलं, काल तुम्ही काय केलं ते लिहा. जसं बोलता तसं लिहा. चार ओळी, सहा ओळी. त्या वह्या मी अजून टाकल्या नाहीत. 'काल मुगाचं थ्रेशर आलं. मी कुटारावर उडी मारली. अंगाले लय खाजलं. मायनं खोबऱ्याचं तेल लावलं.' 'आमच्या गंजीत साप निंघाला. बाबा म्हने मारू नका. काका म्हने मारा. तोपर्यंत तो गेला.' दुपारच्या सुट्टीत मी त्या वाचत बसले आणि खिचडी गार झाली. खिचडी करणाऱ्या मावशी दोनदा येऊन गेल्या. "काय झालं व मॅडम, रडून काहून राह्यल्या?" मी रडत आहे हे मला त्यांच्याकडून कळलं.

त्या दिवसापासून शाळा सुटू नये असं वाटू लागलं. मी जेवताना पाठाचा विचार करायची, भाजी निवडताना करायची. नवरा म्हणाला, "आजकाल तू घरी हसते." रविवारचा दगड कधी गेला ते कळलंही नाही. कुठल्या मोठ्या प्रशिक्षणानं हे झालं नव्हतं. तीन माणसं होती, एक सतरंजी होती, आणि खोटं बोलायची गरज नव्हती.

आज वर्गात नऊ लेकरं होती. मी सगळ्यांना जवळ बोलावून गोलात बसवलं. नऊ असली की मला बरं वाटतं, आणि बरं वाटतं याची लाजही वाटते, कारण उरलेली दहा कुठं वाकली असतील ते मला माहीत आहे.

भगत सरांची पाळी आली तेव्हा सोयाबीनची सोंगणी लागायची होती. त्यांनी डबा उघडलाच नाही. त्यांच्या तिसरीत पूनम नावाची मुलगी होती. आईवडील मजुरी करणारे, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. पोरगी बोलायची नाही, विचारलं तर भलतंच उत्तर द्यायची. "पहिलीपासून माह्याजवळ आहे. दोन वर्ष मी तिले मठ्ठ समजलो," सर म्हणाले. "तिच्या मायले मीच म्हनलो, हिच्या डोक्यात काही शिरत नाही, कायले पाठवता. या आठवड्यात फळ्यावर लिहिता लिहिता म्हनलो, पूनम, पुढचं सांग. नाही बोलली. दुसऱ्यांदा म्हनलो. नाही बोलली. मंग वळलो अन् चिल्लावलो. तवा ती एकदम उभी राह्यली अन् बरोबर उत्तर देलं."

मग राठोड सरांनी हळूच विचारलं, "सर, तुमी वळल्यावरच बोलली काय ती?"

"हो."

छाया मॅडमनं विचारलं, "अन् एरवी तुमच्याकडं पाहून बोलते, तवाबी कधीकधी चुकते ना?"

"चुकते."

मी सरांच्या तोंडाकडे पाहत होते. "सर," मी म्हटलं, "तुमचे ओठ दिसतात का तिला?"

सरांनी हात मिशांवर नेला आणि तसाच ठेवला. त्यांचे डोळे भरले. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला मी असं कधी पाहिलं नव्हतं. पोरीला ऐकू येत नव्हतं, फार थोडं येत होतं, आणि ती एकटीच्या हुशारीनं, दिसतील तेवढे ओठ वाचून दोन वर्षं निभावत होती.

पुढच्या शनिवारी ओट्यावर एक अनोळखी माणूस बसला होता. मिशा काढलेले भगत सर. वरचा ओठ कोवळा, लहान मुलासारखा. आमच्याकडे माणूस मिशी उतरवतो ती घरात कोणी गेलं तर. सकाळी सर न्हाव्याकडून निघाले आणि शाळेपर्यंत तीन जणांनी त्यांना थांबवलं. "कोन वारलं हो सर? आमाले निरोप नाही!" शेजारच्या म्हातारीनं तर घरी जाऊन सरांच्या पत्नीजवळ रडायला सुरुवात केली म्हणे. सर हे सगळं सांगताना हसत होते. "मिशी गेली तं गेली. पूनमनं परवा अख्खा धडा वाचला. अन् माह्याकडं पाहून म्हने, सर, तुमाले दात आहेत!"

हे शनिवार मी मोडले.

तालुक्याला सभागृहात प्रशिक्षण होतं. प्रत्येक केंद्रातून एकानं आपल्या नवोपक्रमावर पाच मिनिटं बोलायचं होतं. केंद्राकडून माझं नाव गेलं. माझ्याआधीचे लोक पडद्यावर चित्रं, तक्ते दाखवून गेले. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं, आणि मला उठून दिसायचं होतं. दादांच्या पोरीला एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पहिल्यांदा माइक मिळाला होता. मी मिशीची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. हॉल हसला, मग शांत झाला. मी 'हिच्या डोक्यात काही शिरत नाही' हे वाक्यही सांगितलं, कारण त्याशिवाय मिशीला वजन येत नव्हतं. नाव घेतलं नाही. छाया मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि मला डोळ्यांनी नको नको म्हणत होत्या. ते मी पाहिलं. पाहूनही थांबले नाही.

टाळ्या संपल्यावर व्यासपीठावरच्या एका साहेबांनी विचारलं, "छान. कोणत्या शाळेचे हे शिक्षक?" मला वाटलं सत्कार करतील. मी अभिमानानं नाव सांगितलं, शाळेचंही आणि सरांचंही.

आठ दिवसांत सरांना खुलासा मागणारं पत्र आलं. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थिनीची नोंद दोन वर्षं का घेतली नाही, मुलीला शाळेत पाठवू नका असं पालकांना का सांगितलं. छाया मॅडमचा फोन आला. "काय करून बसली तू? अवो, त्यायच्या नोकरीत एक कागद नव्हता असा." त्याच पत्रामुळं पूनमची तपासणी झाली, तिचं नाव यादीत चढलं, पुढं कानाचं यंत्रही मिळालं. आता ती सातवीत आहे. म्हणून मला धड पश्चात्तापही करता येत नाही. केलं ते वाईट होतं आणि त्यातून एक चांगलं निघालं. दोन्ही मला एकाच पिशवीत घेऊन फिरावं लागतं.

त्यानंतरच्या शनिवारी सर येणार नाहीत असं वाटलं होतं. ते आले. सतरंजी त्यांनीच टाकली. माझ्याकडे पाहून नेहमीसारखं "या मॅडम" म्हणाले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "राहू द्या ते. उत्तर देलं मी. पाळी कोनाची? माही घ्या." आणि त्यांनी पाठ सांगितला. भागाकाराचा. चिंचोके वाटून घेतले, गट केले, बावीसच्या बावीस लेकरांना समजलं, पूनमनं सगळ्यांत आधी उत्तर सांगितलं. "लय झकास झाला पाठ," सर म्हणाले.

सोंगणी जोरात होती तेव्हा. तांडे, वाड्या सगळ्या शेतात. त्या आठवड्यात सरांच्या शाळेत पाच लेकरं येत होती, सहा फार झाली. आम्हाला तिघांनाही ते ठाऊक होतं, आमच्याही शाळा तशाच होत्या. कोणी काही बोललं नाही. आम्ही माना हलवल्या. छाया मॅडम म्हणाल्या, "छानच की सर." मग मी माझा पाठ सांगितला. तोही चांगला झाला होता. मग छाया मॅडमचा, मग राठोड सरांचा. कोणाचाच पाठ बिघडला नव्हता. जेवताना ठेच्याचं कौतुक झालं. भांडण नाही, रुसवा नाही. पुढच्या शनिवारी राठोड सरांकडे पाहुणे होते, त्याच्या पुढच्या शनिवारी मला बँकेत काम होतं, आणि मग दिवाळीची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर परिषदेत भेटत राहिलो. चालू गाड्या दाखवत राहिलो. वर्षभरानं सर निवृत्त झाले, शाल-नारळ झाला, आणि ते आपल्या गावी, इंझोरीला गेले.

आनंद एकदा येऊन गेला की जुन्या कंटाळ्यातही पहिल्यासारखं बसता येत नाही. मी आजही फळ्याकडे तोंड करून बोलत नाही. आजही पोरांना जसं बोलता तसं लिहा म्हणते. पण पाठ बिघडला की तो कोणाकडे न्यावा हे मला कळत नाही. नवऱ्याला सांगून पाहिलं, तो लगेच उपाय सांगतो. रविवारचा दगड परत आला आहे. तो आता ओळखीचा झाला आहे, एवढाच फरक.

गेल्या रविवारी मी इंझोरीला गेले. सर शेतात होते. थ्रेशर नुकतंच गेलेलं, दाण्याचा ढीग पडलेला, आणि सर सुपानं खडे-माती वेगळी करत बसलेले. मिशा पुन्हा वाढलेल्या. मला पाहून उठले, पोत्यावर रुमाल अंथरला. "बसा. एवढ्या दुरून काहून आल्या?"

मी चार वर्षं उशिरानं माफी मागितली. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तुमी खोटं थोडीच सांगतलं मॅडम? होतं तेच सांगतलं."

"पण सर, ते तुमचं होतं. ओट्यावरचं होतं."

"हो. होतं ओट्यावरचं." ते दाण्यांत बोटं फिरवत राहिले. "पत्राचं काही नाही. चूक माहीच होती, दोन वर्ष पोरगी वाया घालवली मी, खुलासाबी तसाच देला. मले दुसरं लागलं. त्या शनिवारी मी भागाकार सांगतला ना, तसा पाठ झालाच नवता. मले वाटे, तिघांपैकी एखादा तरी विचारन, सर, बावीस लेकरं कुठून आनले? तुमी पह्यल्या दिवशीपासून विचारत आले सगळं. त्या दिवशी माना हालवत बसले."

"मला कळलं होतं सर," मी म्हटलं. "तेव्हाच कळलं होतं."

"मंग काहून नाही विचारलं?"

लांब कुठंतरी दुसऱ्या शेतात थ्रेशर लागलं होतं. मी ढिगातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तुमच्यानंतर माझी पाळी होती," मी म्हटलं. "मीही घरून एक चांगला पाठ रचून आणला होता."

सरांनी मान हलवली. राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. "अन् छाया मॅडमचा?"

"माहीत नाही."

"राठोडचा?"

"माहीत नाही सर. त्यांनाही कोणी विचारलं नाही."